कागद वेगळा, खुर्ची वेगळी

तिशी ओलांडल्यावर, चालू नोकरीत ऑटिझमचं किंवा एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालं की दोन कामं समोर उभी राहतात. एक म्हणजे सरकारी प्रमाणपत्र. दुसरं म्हणजे ऑफिसात आपली बसायची जागा, वेळ आणि आपल्यापर्यंत येणाऱ्या सूचना यांत बदल करून घेणं. नागपुरात ही दोन्ही कामं मी स्वतःसाठी केली, आणि टीम लीड झाल्यावर तीन सहकाऱ्यांबरोबर पुन्हा केली. यातली सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ही कामं एकापाठोपाठ एक लावणं. "आधी प्रमाणपत्र हातात येऊ दे, मग साहेबांशी बोलू" असं म्हणत महिने जातात, आणि तोवर अप्रेझलच्या कागदावर "मिसळत नाही", "वेळेचं भान नाही" असे शेरे पडलेले असतात. ते शेरे पुसायला प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही. म्हणून दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करावीत.

निदानापासून सुरुवात करते. प्रौढ माणसाचं निदान एका भेटीत होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळून तीन-चार फेऱ्या धरून ठेवाव्यात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेप्रमाणे एडीएचडीसाठी सतरा आणि त्यापुढच्या वयाच्या व्यक्तीत लक्ष न टिकण्याच्या नऊ किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच दिसावी लागतात, आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी असावी लागतात. म्हणजे बालपणाचा पुरावा हवा. इथे शाळेची प्रगतिपुस्तकं सोन्याच्या मोलाची ठरतात. "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते", "वस्तू हरवते", "अक्षर सुधारावे" असे वर्गशिक्षकांचे शेरे तीन-चार इयत्तांत सलग दिसले तर तज्ज्ञाचं अर्धं काम होतं. आई-वडिलांना सोबत नेणार असाल तर त्यांना "मी लहानपणी कशी होते?" असं विचारू नका. "सगळीच मुलं तशी असतात" हेच उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: वर्षाला किती डबे, किती कंपास हरवत? पाहुणे आले की मी कुठे जायची? कोणत्या कापडाचा फ्रॉक घालायला नकार द्यायची? अशा प्रश्नांना आईला नेमकं आठवतं.

डीएसएम-५ येण्यापूर्वी ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देता येत नसत. तुमची फाइल त्याआधीची असेल आणि तिच्यात एकच नाव असेल तर फेरतपासणी जरूर मागावी, कारण दोन्ही असताना कामावर लागणाऱ्या सोयी एकमेकींना छेद देतात. ऑटिझमला ठरलेली चाकोरी हवी असते, एडीएचडीला त्याच चाकोरीचा कंटाळा येतो.

औषधाबद्दल एकच गोष्ट. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत मोडतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक औषधविक्रेता दोन वर्षं जपून ठेवतो. प्रत्येक दुकानात ते मिळत नाही, म्हणून आधी फोन करावा आणि दिवाळीच्या सुट्ट्यांपूर्वी साठा मोजून घ्यावा. डोस चुकलेला दिवस ऑफिसात लगेच दिसतो.

आता प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. तिच्यात ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) आहे, पण एडीएचडी स्वतंत्र नावाने नाही. हे आधीच माहीत असलं तर वर्षभराची पायपीट वाचते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा: आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, आणि रुग्णालयाची निवड. रुग्णालयांची यादी उघडली की नागपूरकर गोंधळतो, कारण आपल्या तोंडी असलेली नावं तिथे नसतात. "मेडिकल" म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, "मेयो" म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या तपासणीची तारीख मिळाली की मानसोपचारतज्ज्ञ आणि सायकॉलॉजिस्ट दोघेही त्या दिवशी बसतात का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. एकच जण असला की दुसरी फेरी ठरलेली. झेरॉक्सचे दोन संच, निदानाचा मूळ अहवाल, पाण्याची बाटली, कानात घालायचे फोमचे बोळे, आणि पुकारलेलं नाव ऐकायला एक माणूस सोबत असावा. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत दोन तास बसल्यावर स्वतःचं नाव कानावर पडूनही न कळणं आमच्यापैकी अनेकांना नवीन नाही.

ऑटिझमचं मोजमाप इसा नावाच्या भारतीय मापनश्रेणीवर होतं. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० च्या खाली आलं की "ऑटिझम नाही", आणि ७० ला ४० टक्के दिव्यांगत्व धरलं जातं. प्रौढांची अडचण इथेच होते. नजर मिळवणं, ओळखीचं हसणं, बोलण्यात आपली पाळी ओळखणं, हे मुद्दे मुलांमध्ये वरवर पाहून कळतात. वीस वर्षं नोकरी करून ते घोटून पाठ केलेली बाई खुर्चीत बसून सहज नजर मिळवते आणि गुण गमावते. उपाय खोटं बोलण्यात नाही, पूर्ण बोलण्यात आहे. "नजर मिळवते, पण तेवढा वेळ समोरचा काय म्हणाला ते पोचत नाही." "बैठकीत हसते, मग घरी येऊन दोन तास अंधारात पडून राहते." गुण वारंवारितेवर दिले जातात: वीस टक्क्यांपर्यंत वेळा घडत असेल तर १, ऐंशीच्या वर गेलं तर ५. म्हणून "कधीकधी होतं" असं मोघम उत्तर देऊ नका. आधीचे दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: कोणत्या दिवशी, किती वेळा, त्याने काय अडलं. घरात आपल्याला पाहणारी व्यक्ती सोबत न्या. मुखवटा घरी उतरतो, त्यामुळे साक्ष घरातलीच हवी.

अध्ययन अक्षमतेसाठी निम्हान्सची (बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची) चाचणीमाला वापरतात. ती शाळकरी मुलांच्या इयत्तांवर बेतलेली आहे, त्यामुळे पदवीधर माणूस त्यातली बरीच उदाहरणं सोडवून टाकतो. लागलेला वेळ आणि खाडाखोड अहवालात लिहायला सांगा. दहावी-बारावीत सवलत घेतली असेल तर तो जुना कागद शोधून काढा.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरल्यास सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून आहे. प्राप्तिकरात जुन्या पद्धतीने ७५,००० रुपयांची वजावट मिळते. हा कागद मोलाचा आहे, मिळत असेल तर जरूर घ्यावा. पण तो मिळाल्याने ऑफिसातली खुर्ची एक फूटही सरकत नाही.

खुर्चीसाठी ४० टक्क्यांची अट लागू नाही, ही गोष्ट एचआरमधल्या अनेकांना माहीत नसते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात स्पष्ट केलं की वाजवी सोय, म्हणजे गरजेप्रमाणे करून दिलेला बदल, मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राशी बांधलेला नाही. आरक्षणाची अट निराळी, सोयीची निराळी. प्रश्न लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक देण्याचा होता. सरकारी आस्थापनेत नोकरीतली सोय कायद्याच्या कलम २० मध्ये थेट आहे. खासगी कंपनीत मात्र कलम २१ पासून सुरुवात करावी. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं असतं, त्यात दिव्यांगांना काय सोयी देणार हे लिहायचं असतं, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर संपर्क अधिकारी कोण, हेही. म्हणून एचआरला पहिला मेल सोयीसाठी करू नका. "आपलं समान संधी धोरण पाठवाल का?" एवढंच विचारा. धोरण नसेल तर ते करायला लावण्याची ती सगळ्यांत शांत पद्धत आहे, आणि त्या मेलमध्ये तुमच्याबद्दल काहीच उघड होत नाही.

मागणीचं पत्र एका पानाचं असावं. पहिल्या ओळीत निदान लिहू नका. काम लिहा. क्रम असा: कोणतं काम, त्यात काय अडतं, काय बदललं तर अडणार नाही. उदाहरणार्थ: "महिनाअखेरीचा ताळमेळ करताना मागून माणसं ये-जा करतात तेव्हा ओळ चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं. भिंतीला पाठ असलेली कोपऱ्यातली जागा मिळाल्यास हा वेळ वाचेल. सहा आठवडे करून पाहू. दर महिन्याच्या ५ तारखेला चुकांची संख्या आणि लागलेले तास मी कळवीन." शेवटी फेरतपासणीची तारीख. निदान सांगायचं की नाही, कोणाला आणि किती, हे यानंतर ठरवता येतं. पहिल्याच वाक्यात "मला ऑटिझम आहे" लिहिलं की वाचणारा पुढचं वाचण्याआधी "मग हिला क्लायंटसमोर बसवावं का?" या विचाराला लागतो. हे मी तीनदा पाहिलं आहे. माणसं वाईट नव्हती. त्यांना त्या शब्दाचा अर्थच कुणी कामाच्या भाषेत सांगितला नव्हता.

एका वेळी दोनच बदल मागा, फार तर तीन. दहा मागितले की त्यातला सगळ्यांत स्वस्त एक मिळतो आणि विषय मिटल्यासारखा होतो. बोलणं तोंडी झालं तरी त्याच दिवशी मेल टाका. आणि कामाबद्दल लेखी ताकीद यायच्या आत मागणी करा. ताकीद आल्यावर केलेली तीच मागणी सबब म्हणून वाचली जाते.

आता प्रत्यक्ष जागा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नागपुरात आवाजाचा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या मोठ्या इमारतींत सेंट्रल एसी असतो. सीताबर्डी, सदर, धंतोलीतल्या सीएंच्या, वकिलांच्या, छोट्या एजन्सींच्या ऑफिसांत मार्चअखेर खिडकीत डेझर्ट कूलर बसतो आणि पाऊस पडेपर्यंत हलत नाही. कूलरचा आवाज एक नसतो. पंख्याची घरघर, पंपाचा गुणगुणाट, ताट्यांवरून (बाजूंच्या भिजत्या जाळ्यांवरून) पडणारं पाणी, आणि सैल झालेल्या पत्र्याची थरथर. पहिल्या तिघांना मेंदू काही वेळाने सरावतो, चौथ्याला नाही, कारण ती अनियमित असते. म्हणून आधी पत्रा बघा: स्क्रू आवळा, स्टँडच्या पायांखाली रबराचे तुकडे द्या. पंपात कचरा अडकला की तो जास्त गुणगुणतो, म्हणून टाकी आठवड्याला एकदा रिकामी करून धुवा. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओल साठते. त्या खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न आत येतात. म्हणजे कूलर आणि उघडी खिडकी यांना जोडणारी सरळ रेषा ही बसायला सगळ्यांत वाईट जागा, आणि बाकी सगळे थंडाव्यासाठी नेमके तीच मागतात. आपण बाजूच्या भिंतीची मागावी, कूलरपासून दहा-बारा फुटांवर. मात्र ठरवण्याआधी मे महिन्यात दुपारी दोन ते चार तिथे बसून पाहा. ४५ अंशांच्या दुपारी उकाडा हाही इंद्रियांवरचा भारच आहे. ताट्यांतल्या नव्या वाळ्याचा वास काहींना पहिले काही दिवस डोकं उठवतो. त्यांच्यासाठी लाकडी तंतूंच्या (वुड-वूलच्या) ताट्या लावून घ्याव्यात.

आवाज कापणारे हेडफोन घेताना एक गैरसमज असतो. कूलरसारखी सलग, खालच्या पट्टीतली घरघर ते छान कापतात. माणसांचं बोलणं तितकं कापत नाहीत. त्रास शेजारच्या गप्पांचा असेल तर वीस-तीस रुपयांचे फोमचे बोळे जास्त काम करतात. ते घातल्यावर हाक ऐकू येत नाही, म्हणून सहकाऱ्यांशी खूण ठरवा: टेबलाच्या कोपऱ्यावर दोन टिचक्या. मागून खांद्यावर हात नको. हे एकदा सांगितलं की माणसं पाळतात.

उजेडाचं काम सोपं आहे. डोक्यावरची फडफडणारी ट्यूब काढून टाका, टेबललॅम्प लावा. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम, पण ते कोणाला सांगायचं हे ठरवण्यात महिना जातो. पत्रात त्या माणसाचं नाव घालून घ्या.

सूचना हा बदल मागताना लोक संकोचतात, आणि फायदा सगळ्यांत जास्त त्याचाच होतो. "जरा ते बघून घे, अर्जंट आहे" या वाक्यात काय बघायचं, बघून काय करायचं, आणि अर्जंट म्हणजे चार वाजेपर्यंत की चार दिवसांत, यातलं काहीच नाही. बाकीचे चेहऱ्यावरून अंदाज बांधतात. आमचा अंदाज चुकतो, आणि चुकल्यावर "साधी गोष्ट कळत नाही?" ऐकावं लागतं. आमच्या टीममध्ये प्रत्येक काम तीन ओळींत येतं: काय हवं आणि कोणत्या स्वरूपात; कधीपर्यंत (तारीख आणि वेळ); हातातलं काय बाजूला ठेवायचं. तिसरी ओळ सगळे विसरतात. एडीएचडी असलेल्या माणसाला नवं काम सुरू करण्यापेक्षा जुनं सोडण्याची परवानगी जास्त लागते. "एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल" हा आक्षेप इथे हमखास येतो. द्या सगळ्यांना. तीन ओळी लिहायला पैसे पडत नाहीत.

बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवावेत, आणि बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी बारापर्यंत लेखी मत द्यायची मुभा असावी. बोलताना न सुचलेली कितीतरी चांगली मतं या मुभेतून आली आहेत.

वर्षाचं कॅलेंडर आधी पाहून ठेवा. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होतात, मोर्चे निघतात, रोजची वाट अचानक बदलते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक इतवारी-महाल भागातून जाते. तिथे ऑफिस असेल तर त्या दिवसाचा आवाज कोणतेही हेडफोन अडवत नाहीत. या तारखा आधी कळतात. त्या दिवसांसाठी घरून काम आठवडाभर आधी लिहून मागावं. मेट्रोने येणाऱ्यांनी सीताबर्डीच्या अदलाबदलीची गर्दी टाळायला वेळ अर्धा तास अलीकडे मागावा. पलीकडे मागितला की "उशिरा येतो" हा शिक्का बसतो. अन्याय आहे, पण आहे.

डबा एकत्र खाण्याचाही मुद्दा आहे. तर्रीचा वास, आठ जणांचं एकदम बोलणं, आणि अर्ध्या तासाची विश्रांती तिथेच खर्च. एकटं जेवणं म्हणजे रुसणं नव्हे, हे लीडने एकदा सगळ्यांसमोर सांगायला हवं. कर्मचाऱ्याला स्वतः सांगायला लावू नये.

आणि लीड स्वतःच न्यूरोडायव्हर्जंट (ऑटिझम, एडीएचडी असलेली) असेल तर? मला तीन गोष्टी अवघड गेल्या आणि तिन्हींना पद्धत बांधावी लागली. पहिली, न बोललेली नाराजी वाचता येत नाही. म्हणून दर सोमवारी प्रत्येकाकडून दोन लेखी प्रश्नांची उत्तरं: काय अडलंय, आणि माझ्या कोणत्या निर्णयाशी तू सहमत नाहीस. दुसरा प्रश्न "काही हरकत आहे का?" असा विचारला तर उत्तर "नाही" येतं, "कोणत्या" असा विचारला की उत्तर येतं. दुसरी, सरळ बोलणं. "हे चुकलंय" हे माझ्यासाठी वस्तुस्थितीचं वाक्य, समोरच्या वयाने मोठ्या माणसासाठी सगळ्यांदेखत अपमान. आता चूक दाखवायची ती फाइलवर, ओळ क्रमांकासह आणि एकट्याला. "तुम्ही विसरलात" ऐवजी "१४ व्या ओळीत जीएसटी राहिला आहे, लावून द्याल का?" वयाने मोठ्यांना अहोजाहो, पद काहीही असो. तिसरी, अचानक येणारे फोन. दिवसात दीड-दीड तासाचे दोन तुकडे बंद, बाकी वेळ दार उघडं, आणि हे वेळापत्रक सगळ्यांना दिसेल असं लावलेलं.

ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांतली गैरसमजाची दरी दोन्ही बाजूंनी असते. एकाच बाजूला कमतरता आहे असं नव्हे. टीम चालवताना हे रोज दिसतं. तीन ओळींची पद्धत आल्यावर कामात सगळ्यांत मोठा फरक निदान नसलेल्या दोघांच्या पडला.

मुलाखतीचं थोडक्यात. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा, गप्पांऐवजी एक तासाचं खरं काम द्या, आणि गुणपत्रिकेतून "नजर", "आत्मविश्वास" हे रकाने काढा. ताळमेळ जमतो का हे ताळमेळ करून घेतल्यानेच कळतं.

शेवटचं काम बहुतेकांचं राहून जातं. मॅनेजर बदलला की तोंडी ठरलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. सहा आठवड्यांनी चाचणी संपली की आकड्यांसह एक मेल लिहून "हे बदल पुढेही चालू राहतील" एवढं एचआरकडून लेखी घ्या. नवा मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात तोच मेल त्याला पाठवा आणि भेटीसाठी पंधरा मिनिटं मागा. खुर्चीची जागा बदलायची वेळ आली तर आधी कळवावं, अशी ओळ त्यात असू द्या. रंगकाम, नवं फर्निचर, मजल्याची अदलाबदल, अशा कारणांनी ती कोपऱ्यातली जागा जाते, आणि कुणाच्या मनात वाईट नसतं. दर सहा महिन्यांनी, एप्रिलच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये, पत्र पुन्हा काढून वाचा: कूलर आलाय का, टीम वाढलीय का, आता यातलं काय लागत नाही. जे लागत नाही ते स्वतःहून परत करा आणि त्याचाही मेल ठेवा.